मुलांना मनाच्या गोळ्या: देऊ काय नको?



या पानावर एरवी काजूवरचा ढेकण्या, भाताची लावणी, गुरांची लाळ-खुरकत आणि पावसाळ्यातील हगवण यांविषयी मजकूर येतो. या वेळी ही जागा मी मागून घेतली आहे. विषय आरोग्याचाच आहे. परंतु असा की त्याविषयी आपण घरात बोलत नाही, आणि चर्चच्या आवारात तर नाहीच नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना डॉक्टर जेव्हा मनाच्या औदासीन्यावर गोळ्या लिहून देतात, तेव्हा त्या द्याव्यात की नाही, हा तो विषय.

मी डॉक्टर नव्हे. तरीही लिहितो, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरात पुन्हा होऊ नये असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर एक आई सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली. सगळे पांगेपर्यंत ती बोलली नाही. तिची मुलगी १६ वर्षांची, दहावीला चांगले गुण मिळवून पीयूसीच्या पहिल्या वर्षाला गेलेली, गायनवृंदात पुढच्या रांगेत उभी राहणारी. तीन महिन्यांपासून कॉलेजला जात नव्हती. रात्रभर जागी, दिवसा अंथरुणात, डोकीला तेल नाही, ताटातले अन्न तसेच. आईने पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली. "फादर, डॉक्टरांनी ह्या गोळ्या दिल्यात. अकरा दिवस झाले. आधी नुसती पडून असायची, आता एका जागी बसवत नाही, घरभर फिरते, रात्री अंगणात जाऊन उभी राहते. लोक म्हणतात याची सवय लागते, पुढं लगीन जमायचं नाही. देऊ काय नको?"

मी ते पाकीट हातात घेऊन मागचे-पुढचे वाचले, जणू काही मला त्यातले कळत होते. आणि म्हणालो, "एवढ्या वयात कशाला बाई या गोळ्या? सध्या थांबवा. नोव्हेना सुरू करा, तिला पापनिवेदनाला पाठवा. बघू पुढे."

फादरांचा शब्द म्हणून तिने तो पाळला. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीने आपला जीव संपवण्याचा प्रयत्न केला. शेजारणीच्या लक्षात आले म्हणून ती वाचली. मी इस्पितळात गेलो तेव्हा आईने मला दोषाचा एक शब्द ऐकवला नाही. बाहेरच्या बाकड्यावर थोडी सरकून मला बसायला जागा करून दिली, एवढेच.

ती मुलगी आज स्वतःच्या पायावर उभी आहे. हा मजकूर छापण्यापूर्वी मी तिला व तिच्या आईला वाचायला दिला. एक वाक्य तिने खोडायला सांगितले, ते मी खोडले.

त्या दिवशी मी नेमके काय चुकलो, हे मला पुढे तिच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. चुका दोन होत्या. पहिली उघड आहे: जी गोळी मी लिहून दिली नव्हती, ती बंद करण्याचा मला अधिकार नव्हता. दुसरी चूक मला त्याहून मोठी वाटते. ती माउली मला एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगत होती आणि मी ती ऐकली नाही. मुलीला एका जागी बसवत नाही, ती रात्री अंगणात उभी राहते, हे गोळी सुरू झाल्यानंतरचे नवे लक्षण होते. ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जायला हवे होते. त्यांनी मात्रा कमी केली असती किंवा औषध बदलले असते. मी गोळीही बंद केली आणि निरोपही पोचू दिला नाही.

म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. "देऊ काय नको" हा प्रश्न अर्धाच आहे. खऱ्या आजारात, जाणत्या डॉक्टरांनी तपासून लिहिलेली गोळी द्यावी. परंतु दिल्यानंतर पहिले काही आठवडे मुलाकडे कोण बघणार, हा प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि आपल्याकडे सगळी गफलत तिथेच होते.

आधी आजाराविषयी. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये १०० पैकी ७ हून थोड्या अधिक मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. सगळ्यांनाच औदासीन्य होते असे नव्हे, पण आकडा लहान नाही. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ३० मुले बसत असतील, तर त्यांतली दोन धरा. कोणती दोन, हे मला किंवा सिस्टरांना पाहून सांगता येणार नाही. मोठ्या माणसाचे औदासीन्य रडण्यातून दिसते. मुलांचे पुष्कळदा चिडण्यातून दिसते. मुलगा उलट बोलतो, दार आपटतो, पोट दुखते म्हणून शाळा बुडवतो, क्रिकेट सोडतो, आणि आपण म्हणतो की वयात आलाय, मस्ती आलीय. कोणी दृष्ट काढते. कोणी मोबाईल काढून घेते. दोन आठवड्यांहून अधिक काळ, रोज, जवळपास दिवसभर अशी अवस्था राहिली, झोप व भूक बिघडली आणि ज्यात रस होता ते सगळे सुटले, तर ती मस्ती नव्हे.

उलट, प्रत्येक दुःख हा आजारही नव्हे. परीक्षेत नापास झालेले, मैत्री तुटलेले, आजी गेल्याने आठवडाभर न बोलणारे मूल आजारी नसते. ते दुःखी असते, आणि दुःखाला गोळी लागत नाही. हलक्या औदासीन्यातही पहिल्यांदा गोळी देऊ नये, असेच जाणते डॉक्टर मानतात. झोपेची घडी बसवणे, अंगमेहनत, शाळेतला त्रास शोधून काढणे आणि कोणीतरी नियमाने भेटून बोलणे यांनी बरीच मुले सावरतात. इथे मला काही डॉक्टरांविषयीही बोलले पाहिजे. गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारायचे, आईलाच उत्तरे द्यायला लावायची, मुलाला एकटे बसवून एक शब्दही विचारायचा नाही, आणि औदासीन्याची गोळी व तिच्या जोडीला क्लोनाझेपामसारखी झोपेची गुंगी एकाच चिठ्ठीत लिहून "एक महिन्याने या" म्हणायचे, असे घडते. क्लोनाझेपामची सवय लागते, हे खरे आहे. लोक सगळ्याच गोळ्यांना सवयीच्या म्हणतात त्याचे एक कारण हेच असावे. अशा वेळी आईबापांनी नम्रपणे विचारावे: डॉक्टर, यातली कुठली गोळी कशासाठी? दोन्ही लागणार काय? किती दिवस? विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. खताच्या दुकानात आपण याच्या दुप्पट प्रश्न विचारतो.

आता गोळ्यांविषयी. या औषधांचा जन्म गमतीदार आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग इस्पितळात इप्रोनियाझिड नावाचे क्षयावरचे औषध देत असता, खाटेला खिळलेले रोगी एकाएकी आनंदी दिसू लागले. औदासीन्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक असे हाती लागले. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून या डॉक्टरांनी इमिप्रामिनचा गुण जाहीर केला. त्या जातीची औषधे मोठ्यांना उपयोगी पडली, परंतु मुलांना त्यांचा फारसा गुण येत नाही आणि जास्त मात्रा पोटात गेली तर ती हृदयाला घातक ठरतात. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन या नव्या जातीच्या औषधाला मोठ्यांसाठी मान्यता मिळाली. मुलांच्या औदासीन्यासाठी, म्हणजे ८ वर्षांवरील वयासाठी, ती २००३ साली मिळाली. १२ वर्षांवरील मुलांसाठी एसिटालोप्रामला २००९ साली. या गोळ्या नेमक्या कशा गुण देतात हे शास्त्राला पुरते उलगडलेले नाही. मेंदूत सेरोटोनिन कमी पडते आणि गोळी ते भरून काढते, असे सोपे करून सांगतात. ते तितके सरळ नाही. पण गुण येतो की नाही हे मोजता येते, आणि ते मोजले गेले आहे.

अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या, मध्यम ते तीव्र औदासीन्य असलेल्या ४३९ मुलांचे चार गट करून एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २००४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर, ज्यांना फ्लुऑक्सेटिन आणि विचार-वर्तनाचे समुपदेशन ही दोन्ही मिळाली, त्यांपैकी ७१ टक्के मुले चांगली सुधारली. नुसती गोळी मिळालेल्यांत ६१ टक्के, नुसते समुपदेशन मिळालेल्यांत ४३ टक्के, आणि औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांत ३५ टक्के. हा शेवटचा आकडा विसरू नका. खोट्या गोळीवरही शंभरातली ३५ मुले सुधारली. कोणीतरी नियमाने विचारपूस करीत होते, आणि काळही जात होता. त्याचबरोबर पहिला आकडाही विसरू नका. गोळी आणि बोलणे ही जोडी सर्वांत पुढे राहिली, आणि मरणाचे विचार कमी होण्यातही तीच पुढे होती.

मग भीती कशाची? भीती खरी आहे, लोकांनी उगाच उठवलेली नाही. २००३ साली ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी पॅरोक्सेटिन हे औषध १८ वर्षांखालील मुलांच्या औदासीन्यासाठी देऊ नये असे सांगितले, आणि वर्ष संपता संपता या जातीच्या औषधांपैकी मुलांच्या औदासीन्यात फायदा धोक्याहून जास्त दिसतो तो एका फ्लुऑक्सेटिनचाच, असे जाहीर केले. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २४ प्रयोगांतील ४,४०० हून अधिक मुलांचे अहवाल तपासता, गोळी घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ४ मुलांत मरणाचे विचार किंवा तसे वर्तन दिसले होते, तर खोटी गोळी घेणाऱ्या १०० पैकी २ मुलांत. त्या प्रयोगांत एकाही मुलाने प्राण गमावला नव्हता. पुढे २००७ साली हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवण्यात आला.

पॅरोक्सेटिनची कथा तर लाजिरवाणी आहे. ते मुलांना चांगले मानवते असा निबंध २००१ साली प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला होता. २०१५ साली स्वतंत्र संशोधकांनी त्याच प्रयोगाचे मूळ कागद पुन्हा तपासले, तेव्हा ते औषध त्या मुलांत ना गुणकारी ठरले ना निर्धोक. ते विकणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने २०१२ साली अमेरिकेत गुन्हा कबूल करून, अनेक आरोपांपोटी मिळून, ३ अब्ज डॉलर भरले. त्या आरोपांत १८ वर्षांखालील मुलांसाठी या औषधाचा बेकायदा प्रसार करणे हाही एक होता. पैशासाठी मुलांच्या जिवाशी खेळणे याला आमच्या नीतिशास्त्रात जे नाव आहे ते मी इथे लिहीत नाही. पण यावरून सगळीच औषधे फेकून द्यावीत असा अर्थ निघत नाही. बियाण्याच्या एका पिशवीत भेसळ निघाली म्हणून कोणी पेरणी सोडत नाही. दुकान बदलतो, पिशवीवरचा शिक्का वाचतो.

शंभरात दोन विरुद्ध शंभरात चार. हा धोका लहान आहे, पण तो ज्या घरात येतो तिथे शंभराचा हिशेब चालत नाही. तो बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना असतो. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला सहा किंवा अधिकही. मळमळ, डोकेदुखी, झोपमोड, तगमग हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच येतात. म्हणजे आधी त्रास, मागून गुण. खानापुराकडचे आपले शेतकरी हे लगेच समजतील. तरवा उपटून लावला की पहिले आठ दिवस रोप पिवळे पडते. तेव्हा कोणी ते उपटून टाकत नाही, पण त्या आठ दिवसांत बांधावरची फेरीही कोणी चुकवत नाही.

तर ही फेरी कशी घालायची? पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा तरी डॉक्टरांना मूल दाखवावे, निदान फोनवर कळवावे. ते जमेल असाच डॉक्टर शोधावा. गोळ्यांचे पाकीट मुलाच्या हाती न देता मोठ्या माणसाने रोजची रोज द्यावी. मूल एकाएकी फार अस्वस्थ झाले, रात्ररात्र जागू लागले, विनाकारण भांडू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा "मी नसतो तर बरे" अशा अर्थाचे बोलले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि त्याला थेट विचारावे: तुझ्या मनात मरणाचे विचार येतात काय? असे विचारल्याने ते विचार मनात भरतात ही समजूत चुकीची आहे. कोणी विचारले याचाच पुष्कळ मुलांना आधार वाटतो.

आणखी एक गोष्ट लपवू नका. आजोळी किंवा बापाच्या घराण्यात कोणाला वेडाचे झटके आले असतील, कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी असा आजार झाला असेल, तर तो डॉक्टरांना सांगा. अशा घराण्यातल्या मुलाला नुसती औदासीन्याची गोळी दिली तर क्वचित मन उलट्या टोकाला उसळते. सोयरिकीच्या वेळी मामाचा आजार लपवता, तो निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नका.

हे शेतीचेही पान आहे, म्हणून पुढचे मुद्दाम लिहितो. ज्या घरात असे मूल आहे, त्या घरात फवारणीचे औषध असू नये. कुलूप लावलेल्या पेटीवर विसंबू नये. किल्ली कुठे असते हे घरातल्या पोरांना ठाऊक असते. बाटली घरी आणूच नये, लागेल तेव्हा लागेल तेवढे आणावे, उरलेले शेजाऱ्याकडे किंवा सोसायटीत ठेवावे. बहुतेकदा जीव देण्याची ऊर्मी तासा-दोन तासांची असते. त्या वेळी हाताशी काही नसले तर ती ओसरते. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही खिडकीत ठेवू नयेत.

बरे वाटू लागले की गोळी सोडायची, ही आपली जुनी खोड. क्षयाचा औषधक्रम सहा महिने पुरा करावा लागतो, हे आशा कार्यकर्तीने घरोघर फिरून आपल्या गळी उतरवले. तीच शिस्त इथे लागते. बरे झाल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून थांबवतात. एकाएकी सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि आजार उलटण्याचा धोका राहतो. लोक यालाच सवय म्हणतात. दारूसारखी हाव सुटते ती सवय. ती या गोळ्यांनी लागत नाही.

बोलण्याच्या उपचाराविषयी लोक विचारतात, फादर, समुपदेशक आणायचा कुठून? प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या शेजारी गोव्यात संगत या संस्थेने एक चांगले काम करून दाखवले. डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या माणसांना तयार करून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत औदासीन्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात या बैठकांचा गुण दिसून आला. ते रुग्ण प्रौढ होते; मुलांना सगळे तसेच लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण कान देऊन ऐकणारे माणूस गावातलेही असू शकते, हे त्यावरून दिसते.

आता धर्माची बाजू. मला माहीत आहे, काही प्रार्थनासभांत व्यासपीठावरून सांगितले जाते की गोळ्या फेका, विश्वास कमी पडला म्हणून आजार आला. मी स्वतः तसे कधी म्हणालो नाही, पण सॅक्रिस्टीच्या दाराशी जे म्हणालो त्याचा परिणाम तोच झाला. हे ख्रिस्तसभेचे शिक्षण नव्हे. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय काढून वाचा. वैद्याला मान द्यायला आणि औषध हे देवाने जमिनीतून निर्माण केलेले आहे हे ओळखायला तो शिकवतो, आणि प्रार्थनाही त्याच अध्यायात सांगितलेली आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला देवदूताने उपदेश केला नाही, पापनिवेदनाला पाठवले नाही. झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाची वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर, होरेबपर्यंत चालत गेल्यावर. सेमिनरीत मी हा उतारा परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या आईला उत्तर देताना तो मला आठवला नाही.

जुन्या लोकांच्या मनात अजून एक धास्ती आहे. १९१७ च्या धर्मविधीसंहितेप्रमाणे जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत ती मनाई नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ तर सांगतो की तीव्र मानसिक व्याधीने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये. तेव्हा अशा प्रयत्नातून वाचलेल्या मुलाला "नरकात जाशील" म्हणून भेडसावू नका. आणि पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे माणूस तीव्र तणावाखाली होते असेच धरून चालायचे ठरवले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने ३०९ कलम उरलेले नाही.

पापनिवेदनाला मुलांनी जरूर यावे. पण तिथे मी जे ऐकतो ते कोणालाही सांगू शकत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून मुलांनो, मनात मरणाचे विचार येत असतील तर ते मला पापनिवेदनाबाहेरही सांगा, म्हणजे मला तुमच्यासाठी काही करता येईल.

आपल्या भागात "धारवाडला पाठवा" ही थट्टा आहे. ज्या संस्थेची थट्टा होते ती आज डिम्हान्स या नावाने चालते, तिथे मनाच्या आजारावर सरकारी उपचार मिळतात, आणि तिथल्या बाकांवर मला आपल्याच गावची माणसे भेटली आहेत, तोंड फिरवून बसलेली. घाटाखाली ज्यांचे नातलग आहेत त्यांना गोव्यातले बांबोळीचे मनोविकार इस्पितळ सोयीचे पडेल. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ येतात काय, याची चौकशी करावी. रात्री-अपरात्री कोणी नसेल तेव्हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, फोनला पैसे पडत नाहीत.

धारवाडला एकट्याने जायला ज्यांना अवघड वाटते, त्यांच्याबरोबर मी येईन. मिस्सेनंतर सर्वांसमोर विचारू नका, लोक कान टवकारतात. स्वयंपाकघराच्या बाजूने मागच्या दाराने या. सकाळची साडेसहाची मिस्सा आटोपून आठच्या गाडीने निघता येते. डॉक्टरांनी दिलेले जुने कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा बरोबर घ्या, आणि मुलाला उपाशी आणू नका.